ज्याला ठाऊक होते, त्याला विचारले का?

रहस्यपटाची सत्यावर श्रद्धा असते. खून झाला आहे, तो कोणीतरी केला आहे आणि नीट विचारपूस केली तर कोणी केला हे कळेल, एवढा विश्वास नसेल तर रहस्यकथा सुरूच होत नाही. तीच गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षे मागे नेली की तिच्यावर त्या काळाच्या सत्याचीही जबाबदारी येते. कपडे, कंदील, टांगे आणि नाणी यांच्या बाबतीत हल्लीचे चित्रपट ही जबाबदारी बऱ्यापैकी पार पाडतात. वाद उठतो तो माणसांवरून. केनेथ ब्रानाने अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांवर चित्रपट काढले. २०१७ साली त्यात गोऱ्या कर्नल आर्बथनॉटच्या जागी कृष्णवर्णीय डॉक्टर आर्बथनॉट आला, आणि २०२२ साली नाईल नदीवरच्या बोटीत संशयितांमध्ये अली फजल दिसला. काहींना हा उशिरा मिळालेला न्याय वाटला, काहींना इतिहासाची मोडतोड. दोन्ही बाजू भांडत होत्या त्या पडद्यावर कोणते चेहरे दिसावेत यावरून. माझ्या मते चेहऱ्यांचा प्रश्न दुय्यम आहे. जुन्या काळातल्या रहस्यपटात प्रतिनिधित्वाचा प्रश्न मुळात प्रमाणाचा आहे. कोणाला काही ठाऊक असू शकते आणि कोणाचे सांगणे ज्ञान म्हणून धरायचे, हे असा चित्रपट प्रत्येक प्रसंगात ठरवत असतो. त्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा तिथे होते.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदार कोण असावा याची तपशीलवार चर्चा आहे. स्त्रियांच्या प्रकरणात स्त्रियांनी, द्विजांच्या प्रकरणात तशाच द्विजांनी, शूद्रांच्या प्रकरणात शूद्रांनी आणि अंत्यजांच्या प्रकरणात अंत्यजांनी साक्ष द्यावी, अशी तिथली सर्वसाधारण व्यवस्था आहे. कारागीर आणि नट यांना तर साक्षीला बोलावूच नये, असेही सांगितले आहे. म्हणजे आजच्या चित्रपटवाल्यांच्या पूर्वजांनाच त्या चावडीची पायरी चढू दिलेली नव्हती. पण त्याच अध्यायात पुढे एक मोकळीक आहे. घराच्या आत, अरण्यात किंवा जिवावर बेतलेल्या प्रसंगी ज्याला प्रत्यक्ष अनुभव आहे असा कोणीही साक्षीदार चालेल, आणि दुसरे कोणी नसेल तर स्त्री, मूल, दास, नोकर यांचीही साक्ष घ्यावी. घरात घडलेला खून ही तर रहस्यकथेची हक्काची जागा. उतरंडीच्या शास्त्रालाही जिथे गरजेपोटी नमते घ्यावे लागले, नेमक्या त्याच जागी हा कथाप्रकार उभा आहे. न्यायदर्शनाने तर मोकळिकीची भाषाही ठेवली नाही. आप्त म्हणजे विश्वासार्ह सांगणारा कोण, याचे उत्तर देताना भाष्यकार वात्स्यायन सांगतो की ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे पाहिले तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. जन्म कुठला, हे इथे विचारलेलेच नाही. आपल्या परंपरेत या दोन्ही वाटा आहेत, आणि जुन्या काळावर रहस्यपट काढणाऱ्याला त्यातली एक निवडावीच लागते. निवड केली नाही, तर सवयीने पहिलीच निवडली जाते.

कसोटीसाठी निफाड तालुक्यातले सायखेडा घेऊ. गोदाकाठचे बाजाराचे गाव, समोर चांदोरी, खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा. वरच्या धरणांतून पाणी सुटले की आजही इथला पूल पाण्याखाली जातो. २०१९च्या ऑगस्टमध्ये पूर गावात शिरला होता. अशा गावात १९०९च्या पावसाळ्यात, गोदावरीला पूर असताना, एका वाड्यात खून झाला अशी कल्पना करा. आपल्या सवयीचा चित्रपट वाड्याचा दरवाजा लावून घेईल. पाटील, कुलकर्णी, सोवळ्यातली आत्या, कर्जात बुडालेला पुतण्या आणि नाशिकहून आलेला गोरा अधिकारी यांच्यात तो फिरेल. बाकीचे गाव पार्श्वभूमीला मशाली धरून उभे राहील. पण त्या काळातल्या गावात माहिती कोणाकडे असे, याचा विचार करा. रक्ताचा डाग पडलेले धोतर परटाच्या हाती जाई. मानेवरचा वळ न्हाव्याला दिसे. वाड्यातले न सांगण्याजोगे दुखणे सुईणीला माहीत असे. मृत्यूचा सांगावा परगावी पोचवण्याचे काम महाराचे, म्हणजे घरच्या सोयऱ्यांच्या आधी बातमी त्याला कळलेली. सरणाची लाकडे तो नेई, आणि प्रेतावरचे वस्त्र हा त्याचा हक्क. वाड्याने घाईने जाळलेल्या देहाचे शेवटचे कापड ज्याच्या हातात उरते, त्याला एकही प्रश्न न विचारणारा तपास हा कसला तपास? शिवेचा तंटा उठला की सीमा कुठून जाते याबाबत महाराचा शब्द प्रमाण मानण्याची रीत होती. मग जमिनीसाठी झालेल्या खुनात तो शब्द का वगळायचा? यांच्यापलीकडे होता जागल्या, गावचा राखणदार. नाशिक-खानदेशाकडे हे काम बहुधा भिल्ल-कोळ्यांकडे असे. चोराच्या पावलांचा माग काढत तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवायचा. तिथून जबाबदारी त्या गावाची. म्हणजे गावाला स्वतःचा गुप्तहेर होता. आपल्या पडद्याने त्याला कंदील धरायला उभे केले.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या नावाने येतो. तो असा: १९०९ साली महाराला वाड्याच्या ओट्यावरही चढता येत नव्हते आणि भिल्ल जागल्या गोऱ्या अधिकाऱ्यासमोर मान वर करून बोलत नव्हता, त्यांना तपासाच्या मध्यभागी आणणे म्हणजे आजची मूल्ये कालच्या माणसांवर लादणे. यातला पहिला भाग खरा आहे आणि तो लपवू नये. वाड्याबाहेरचा माणूस वाड्यात सहज बसलेला दाखवला तर त्या काळाने केलेला अपमानच पुसला जातो. पण बाहेर ठेवणे म्हणजे अज्ञानात ठेवणे नव्हे. ज्याला आत येऊ दिले नाही, त्याला मागचे दार, गोठा, नदीचा उतार आणि मसणवटा अधिक ठाऊक असतो. शिवाय त्या काळाचा कायदा त्याच काळाच्या रिवाजाहून पुढे होता. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याने प्रश्न समजून त्याचे उत्तर देऊ शकणाऱ्या प्रत्येक माणसाला साक्षीदार होण्यास सक्षम मानले. जातीची अट त्यात नव्हती. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. तेव्हा १९०९च्या गावात सत्यशोधक विचारांचा एखादा शिक्षक स्वतः विचारपूस करू लागला, तर त्यात कालविपर्यास नाही. बोटांच्या ठशांचे वर्गीकरण, ज्यावर पुढे जगभरातला गुन्हेतपास उभा राहिला, ते कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांच्या मेहनतीने आकाराला आले. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या वरिष्ठाचे, एडवर्ड हेन्रीचे लागले. गुन्हेतपासाच्या इतिहासात सगळ्या प्रकारची माणसे होती, तशी नोंद झाली नाही एवढेच. आणि इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर त्याची उलट बाजूही दाखवावी लागेल. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने संशयित ठरवल्या, १९११ साली तो देशभर लागू करण्याची सोय झाली, आणि १९५२ साली तो रद्द झाला. माग काढणाऱ्यावरच जन्माने चोरीचा आळ येऊ शकेल असा तो काळ होता. रहस्यपटाला याहून मोठे नाट्य कुठे मिळणार?

दुसरा आक्षेप अभ्यासू लोक घेतात. या माणसांची नोंद नाही, मग त्यांची साक्ष आणायची कुठून? प्रश्न रास्त आहे, पण नोंद कशी तयार झाली तेही पाहावे लागते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. ही घटना सर्वांना ठाऊक आहे. जॅक्सन संस्कृतचा व्यासंगी होता आणि लोकसमजुती गोळा करत असे, हेही सांगितले जाते. कमी सांगितले जाते ते हे की ही माहिती त्याने मुख्यतः शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून मिळवली होती; त्याच्यामागे एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने ती प्रसिद्ध केली. लोकांची श्रद्धा नोंदवली गेली, पण लिहिता येणाऱ्याच्या हातून आणि त्याच्या चाळणीतून. दफ्तर मुके असते ते असे. मराठी मुलखातच त्याआधी सहाशे वर्षे दुसरी रीत घडून गेली होती. चक्रधरांच्या मागे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते ज्याने ज्याने पाहिले-ऐकले त्याला गाठून, त्याच्या आठवणी विचारून. त्या सांगणाऱ्यांत महदाइसेसारख्या स्त्रिया होत्या, आणि दोन आठवणी जुळत नसतील तिथे दोन्ही पाठ ठेवण्याची वृत्ती होती. मराठी गद्याचा आरंभच असा साक्षी गोळा करण्यातून झाला आहे. कथाकाराला दफ्तराबाहेर कल्पना करावीच लागते. वाड्यातल्या पुतण्याचे मन तरी कोणत्या दफ्तरात सापडते? पुतण्यासाठी कल्पनाशक्ती चालते आणि परटिणीसाठी पुरावा मागितला जातो, तेव्हा अडचण पुराव्याची राहिलेली नसते.

तिसरी अडचण शत्रूंकडून नाही, हितचिंतकांकडून येते. उपेक्षितांना पडद्यावर आणायचे तर ते निर्मळ, सोशिक आणि सत्यवचनी असलेच पाहिजेत, असा एक अलिखित नियम झाला आहे. रहस्यकथेच्या इतिहासात या भल्या हेतूची दोन बोधप्रद उदाहरणे आहेत. १९२८ साली व्हॅन डाइन या रहस्यकथाकाराने रहस्यकथेचे वीस नियम लिहिले. त्यातला एक असा की नोकर हा गुन्हेगार निघता कामा नये. कारण काय, तर ते उत्तर फार सोपे होते आणि गुन्हेगार हा काही योग्यतेचा माणूस असला पाहिजे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने दहा आज्ञा घालून दिल्या, त्यात कथेत चिनी माणूस नको अशी एक होती. त्या काळच्या स्वस्त कथांमध्ये कपटी चिनी खलनायकांचा सुळसुळाट होता आणि नॉक्सचा रोख त्या आळशीपणावर होता. पण उपाय पाहा. खोटे चित्र दुरुस्त करण्याऐवजी माणसालाच कथेबाहेर काढले. व्हॅन डाइनने नोकराला आळापासून वाचवले, पण त्याला गुन्ह्याच्याही योग्यतेचा मानले नाही. नीतीच्या दृष्टीने पाहिले तर ज्याला पाप करता येत नाही त्याला पुण्यही करता येत नाही. कर्तेपण नाकारले की दोन्ही जातात. म्हणून रहस्यपटातले खरे प्रतिनिधित्व म्हणजे संशयितांच्या यादीत मानाने नाव असणे. जागल्या खोटे बोलू शकला पाहिजे, आणि तेही जमातीच्या कल्पित स्वभावामुळे नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या कारणासाठी: कोणाला तरी वाचवायला, जुना हिशेब चुकता करायला, किंवा निव्वळ लोभाने. परटीण खुनीही निघू शकली पाहिजे. गुन्हेगार जमाती कायद्याचा अन्याय हा की त्याने कारण न विचारता दोष चिकटवला. त्याचे उत्तर कारण न विचारता निर्दोष ठरवणे हे नाही. दोन्हीकडे माणसाला विचारायचे राहूनच जाते.

अभिनयाच्या बाजूने येणारा आक्षेप अधिक मोहक आहे. नट म्हणजे दुसरा होणारा. मग कोणी कोणाची भूमिका केली याचा हिशेब कशाला? नाशिक जिल्ह्याला तर हे सांगण्याचा विशेष अधिकार आहे. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, आणि १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. साळुंक्यांची सीता प्रेक्षकांनी मानली, यात कलेचा विजयच आहे. पण साळुंक्यांना तारामती का व्हावे लागले? पडद्यावर यायला स्त्री मिळत नव्हती म्हणून. १९१३मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकींनी ती कोंडी फोडली, तेव्हा पुरुषाची अभिनयकला खोटी ठरली नाही; एक बंद दार उघडले. ब्रानाच्या चित्रपटांकडेही असेच पाहावे. आर्बथनॉट कृष्णवर्णीय केल्यावर त्याच्या रंगाचा त्या गाडीतल्या माणसांवर काही परिणाम होतो, संशयाची दिशा त्यामुळे हलते. म्हणून तो बदल कथेच्या आत उतरतो. नाईलवरच्या बोटीत मात्र अली फजल, सोफी ओकोनेडो असे निरनिराळे चेहरे आले तरी ज्या देशात ती गोष्ट घडते त्या इजिप्तचा एकही माणूस संशयितांमध्ये नाही. नाईलवरच्या खुनात नाईलकाठच्या कोणालाही काही ठाऊक नसते. चेहऱ्यांची विविधता वाढली, साक्षीची वाढली नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

सर्वात खोल आक्षेप अध्यात्माचा. आत्म्याला जात नाही, सत्य कोणी सांगितले यावर सत्य अवलंबून नाही. मग सांगणाऱ्याची ओळख इतकी कवटाळायची कशाला? शंकराचार्यांची काशीतली कथा या मताच्या बाजूने सांगितली जाते. आचार्यांनी चांडाळाला बाजूला हो म्हटले. त्याने विचारले, दूर काय व्हायचे, देह की आत्मा? आचार्यांनी त्याला गुरू मानले. पण ही कथा नीट ऐकली तर तिचा कल उलटा आहे. अद्वैताचा सिद्धांत आचार्यांना आधीच ठाऊक होता. तो वागणुकीत उतरलेला नाही हे दाखवायला ज्याला हटकले तोच माणूस लागला. ते ज्ञान त्याच जागेवरून शक्य होते. आणि परंपरेने पुढे काय केले? तो चांडाळ म्हणजे साक्षात विश्वनाथ होता, असे सांगितले. प्रश्न इतका मोठा की तो चांडाळाचा असूच शकत नाही, म्हणून देवाला सोंग घ्यावे लागले. ज्ञान स्वीकारले, ज्ञाता बदलला. वारकरी परंपरेत हाच पेच अधिक माणुसकीने हाताळलेला दिसतो. सायखेड्याच्या खाली, त्याच गोदावरीवरच्या पैठणला सोळाव्या शतकात एकनाथांनी महाराच्या तोंडून बोलणारी भारुडे रचली, हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला. ब्राह्मण कवीने दुसऱ्याचा आवाज घेण्याचे ते धाडस खरोखर थोर आहे, आणि दुसऱ्याविषयी लिहूच नये म्हणणाऱ्यांना ते पुरेसे उत्तर आहे. पण त्याआधी दोन शतके चोखामेळा, सोयराबाई आणि कर्ममेळा स्वतःच्या तोंडून बोलून गेले होते, आणि त्यांच्या अभंगांतला विटाळाचा सवाल भारुडातल्या महाराच्या उपदेशाहून वेगळा आहे. एकनाथ असल्याने चोखोबांची गरज संपत नाही. आत्म्याच्या एकत्वाने व्यवहार आपोआप सुधारत असता, तर २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू करावा लागला नसता, तो वर्षानुवर्षे चालवावा लागला नसता, आणि १९३५ साली बाबासाहेबांना याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा करावी लागली नसती. सत्य एकच असेल. त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या वाटा मात्र माणसांच्या पायांनी पडतात.

राहिली मोजदादीची भीती: प्रत्येक चित्रपटात अठरापगड जाती, सगळे धर्म, इतक्या स्त्रिया आणि इतके पुरुष अशी यादी भरायची का? मुळीच नाही. २०१८चा राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ एका ब्राह्मण घराण्याच्या लोभाची, पिढ्यांत उतरत जाणाऱ्या हव्यासाची गोष्ट सांगतो. तो अरुंद आहे, कारण अरुंद वाड्यात कुजत जाणारी हाव हाच त्याचा विषय आहे. तिथे गर्दी करणे म्हणजे कथेचा गळा घोटणे. पण जो चित्रपट गावात घडलेल्या गुन्ह्याचे सत्य शोधायला निघतो, त्याने स्वतःच एक वचन दिलेले असते. ते वचन दोनच पात्रांत पाळता येते आणि पन्नास पात्रे उभी करून मोडताही येते. म्हणून माणसे मोजू नयेत, विचारलेले प्रश्न मोजावेत. कोणाच्या सांगण्याने तपासाची दिशा बदलली? कोणावरचा संशय कारणासकट होता आणि कोणावरचा नुसत्या जन्मामुळे? कोणाला स्वतःचे गुपित होते? या प्रश्नांना मिळणारी उत्तरे चित्रपटाची नैतिक बाजू सांगतातच, शिवाय त्याची कारागिरीही सांगतात, कारण ज्याला ठाऊक आहे त्याला वगळून लावलेला छडा हा रहस्यकथेच्या स्वतःच्या नियमांनीही फसवा असतो. मराठीत जुन्या काळावरचे रहस्यपट काढू पाहणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की वाडा हुबेहूब उभा करा, भाषा तपासून घ्या, दिवेही त्या काळचे लावा. पण पटकथा पूर्ण म्हणण्याआधी गावातल्या ज्या ज्या माणसाला काही ठाऊक असणे शक्य होते, त्याच्याकडे तुमचा तपास गेला का ते पाहा. गेला नसेल, तर खुनी सापडला असला तरी तपास अपुराच आहे.